आकाशगंगेची तबकडी मोजायला राक्षसी तारेच का?

धरमपेठकर: रविवारी रमण विज्ञान केंद्रातून तारांगण पाहून निघालो आणि वाद जुंपला. मित्र म्हणे, युरोपच्या गाया यानानं लंबनावरून (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जागेवरून किती सरकल्यासारखा दिसतो त्यावरून) थेट अंतरं मोजली, आता तबकडी मोजायला राक्षसी तारे, म्हणजे फुगलेले, फार तेजस्वी तारे, काहून पाहिजेत? मला हे अजिबात पटत नाही. सूर्यासारखा तारा 10,000 पार्सेकवर (एक पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षं) ठेवा. मधे धूळ नसली तरी तो 20व्या प्रतीच्या आसपास दिसेल (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). त्याचं लंबन आर्कसेकंदाचा (अंशाच्या 3,600व्या भागाचा) दहा-हजारावा भाग, आणि इतक्या मंद ताऱ्यासाठी गायाची त्रुटी त्याच्या साधारण पाचपट! गाभ्यात हेलियम जाळणारा ‘रेड क्लम्प’ गटातला राक्षसी तारा मात्र तिथूनही 15-16व्या प्रतीचा दिसतो. तबकडीची लांबची बाजू यांच्याशिवाय मोजताच येत नाही.

गोरेवाडा_रात्री: दिसला म्हणजे अंतर कळलं असं नाही. रेड क्लम्पची निरपेक्ष प्रत (10 पार्सेकवरून दिसेल ती) अवरक्त के पट्ट्यात उणे 1.6 च्या जवळपास धरतात, पण वय आणि धातूंच्या (हायड्रोजन-हेलियमहून जड मूलद्रव्यांच्या) प्रमाणानुसार ती सरकते. तबकडीत केंद्राकडे धातू जास्त, कडेला कमी. म्हणजे ज्या दिशेनं मोजायचं त्याच दिशेनं फूटपट्टी बदलत जाते. शिवाय धूळ.

धरमपेठकर: के पट्ट्यात धूळ दृश्य प्रकाशाच्या मानानं प्रत दहाव्या हिश्श्याइतकीच घटवते. अपोजी सर्वेक्षणानं अवरक्त वर्णपट घेतले ते यासाठीच. धातूही त्याच वर्णपटात मोजले जातात, दुरुस्ती तिथूनच होते.

सीताबर्डी७७: ती दुरुस्ती बसवता कशावर? जवळच्या ताऱ्यांच्या लंबनावरच ना! आणि 1983 मध्ये गिलमोर-रीड या खगोलशास्त्रज्ञांनी जाड तबकडी (पातळ तबकडीच्या वर-खाली पसरलेला विरळ थर) दाखवली ती साध्या मुख्य क्रमाच्या, म्हणजे सूर्यासारख्या गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या, ताऱ्यांवरून. राक्षसी तारे लागले नाहीत.

धरमपेठकर: पण ती अंतरंही रंग आणि तेजावरूनच काढलेली होती, लंबनावरून नव्हे. शिवाय ते आपल्या डोक्यावरचा एक खांब मोजत होते, अख्खी तबकडी नाही.

अंबाझरी_काठ: राजेहो, कोणते राक्षसी तारे ते आधी ठरवा. 2019 मध्ये सुमारे 2,400 सेफिड (ठरावीक काळानं तेज कमी-जास्त होणाऱ्या राक्षसी) ताऱ्यांवरून तबकडीची वाकलेली कड दिसली. ते सगळे तरुण, बहुतेक 40 कोटी वर्षांच्या आतले. रेड क्लम्प अब्जावधी वर्षांचे. दोघांचा नकाशा सारखाच येईल हे गृहीत का धरता?

गोरेवाडा_रात्री: हेच म्हणतोय. पातळ तबकडीची प्रमाण-उंची (मधल्या पातळीपासून वर-खाली ताऱ्यांची दाटी किती अंतरात ओसरते त्याचं माप) सुमारे 300 पार्सेक, जाड तबकडीची 900. अंतरं चुकली की पातळीतले तारे वर-खाली फेकले जातात आणि पातळ तबकडी फुगलेली दिसते. त्यामुळे त्रुटीची पट्टी न दाखवलेला एकही नकाशा मी मानणार नाही.