मदत हवी आहे: १८६६ च्या लग्नाच्या नोंदीत सासूबाईंच्या पणजीचं आडनाव वेगळंच निघालंय

नमस्कार मंडळी,

जरा मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या, पण दोन महिने एकाच ठिकाणी अडकलेय आणि इथे जुन्या नोंदी चाळणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय.

मी मूळची साताऱ्याची, आता बरीच वर्षं ओहायोत कोलंबसला. नवरा अमेरिकन आहे, त्याच्या आईकडचं घराणं जर्मन, इंडियानाच्या डिअरबॉर्न काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं). म्हणजे सिनसिनाटीच्या अगदी पलीकडे, ओहायो नदीकाठी, लॉरेन्सबर्ग हे तिथलं मुख्य गाव. सासूबाईंचं वय आता ऐंशीला टेकलंय आणि त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायचीय, त्यांच्या पणजीचं माहेर कोणतं. पणजोबांची माहिती घरात भरपूर आहे, ते कधी आले, जमीन कधी घेतली, चर्चला किती देणगी दिली, आणि पणजीबद्दल फक्त नाव आणि ती छान पाव करायची एवढंच. हे मला फार लागलं, कारण माझ्या स्वतःच्या आजीचं लग्नात नाव बदललं होतं आणि तिचं माहेरचं नाव आम्हाला ती गेल्यावर तिच्या भावाकडून कळलं.

आडनावं इथे टाकत नाही, सासूबाईंना आवडणार नाही. ‘अ’ आणि ‘ब’ म्हणते.

माझ्याकडे काय काय आहे ते सांगते. पहिलं म्हणजे १८८५ च्या सुमाराला छापलेला काउंटीचा इतिहास, त्यात मागच्या भागात गावातल्या लोकांची छोटी छोटी चरित्रं असतात तसं पणजोबांचं चरित्र आहे, साधारण पंधरा ओळी. त्यात स्वच्छ लिहिलंय की १८६६ साली त्यांनी सिनसिनाटीच्या मिस ‘अ’ हिच्याशी लग्न केलं, तिचे वडील मूळ हॅनोव्हरचे, आणि त्यांना आठ मुलं. मी खूश झाले, म्हटलं मिळालं. मग पुरावा म्हणून फॅमिलीसर्च या जुन्या नोंदींच्या वेबसाइटवर डिअरबॉर्न काउंटीच्या लग्नांचा इंडेक्स बघितला तर तिथे वर्ष तेच, पणजोबांचं नाव तेच, तिचं पाळण्यातलं नाव तेच (त्याच्या आधी एक ‘एम’ आहे, ते मधलं नाव असावं), पण आडनाव ‘ब’! आणि अ आणि ब मध्ये स्पेलिंगची गडबड असण्याची शक्यताच नाही, एकही अक्षर जुळत नाही.

मग मी ‘ब’ च्या मागे लागले. १८६० च्या सेन्ससमध्ये, म्हणजे जनगणनेत, सिनसिनाटीतली ‘ब’ आडनावाची सगळी घरं बघितली, त्या वयाची आणि त्या नावाची मुलगी कुठेच नाही. ‘अ’ ची घरं इतकी आहेत की काही कळत नाही. १८७० च्या सेन्ससमध्ये पणजोबा-पणजीच्या घरात सगळ्यात मोठा मुलगा ८ वर्षांचा दाखवलाय, आणि लग्न तर १८६६ चं, म्हटलं वय चुकलं असेल. १८८० मध्ये तो मुलगा घरात नाहीच. १८९० चा सेन्सस बघायला गेले तर कळलं की तो जवळजवळ सगळा गेलाय, १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनला आग लागली त्यात. १९०० च्या सेन्ससमध्ये पणजीच्या नावासमोर मुलं झाली ९, हयात ६ असं आहे. घरात सगळे आठच सांगतात.

चरित्र खरं धरू की रजिस्टर? की ही माणसंच दोन वेगळी आहेत? कुणी असं काही सोडवलंय का?

प्रतिसाद १

ताई, मी पुण्यात आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम चार वर्षं केलंय, अमेरिकेचं मला तुमच्याइतकं माहीत नाही पण ती चरित्रं म्हणजे आपल्या कुलवृत्तांतासारखीच भानगड असणार. आम्ही फॉर्म पाठवायचो आणि लोक आपली माहिती आपणच भरून द्यायचे, मग त्यात पहिलं लग्न, दत्तक गेलेला मुलगा, भावाशी झालेली वाटणी हे सगळं गायब. खोटं कुणी लिहीत नाही हो, पण गाळतात. तुमच्या पणजोबांनी आठ मुलं लिहिली आणि पणजीने सेन्ससवाल्याला नऊ सांगितली, यातच मला काहीतरी दिसतंय. ८ वर्षांच्या मुलाचं वय चुकलंय असं एवढ्या लवकर ठरवू नका.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. मी फोर्ट वेनला राहतो, इथे ॲलन काउंटी पब्लिक लायब्ररीत वंशावळीचा फार मोठा विभाग आहे, रविवार तिथेच जातो माझा. तर त्या काउंटी इतिहासांबद्दल सांगतो. १८७६ ला देशाला शंभर वर्षं झाली तेव्हापासून हे पेव फुटलं, पुढे चाळीसएक वर्षं चाललं. लुईस, चॅपमन, गुडस्पीड, बिअर्स असे प्रकाशक होते, त्यांची माणसं घरोघर जायची, मुलाखत घ्यायची आणि पुस्तकाची ऑर्डर पण घ्यायची. ज्याने पुस्तक घेतलं त्याचं चरित्र येणार हे उघड आहे. म्हणजे माहिती घरच्याच तोंडची. तारखा, जमिनीचे एकर, राजकीय पक्ष यात माणूस फुगवतो, पण बायकोच्या बापाचं गाव तो उगाच का बदलेल? म्हणून मी चरित्रातलं ‘अ’ आडनाव आणि हॅनोव्हर खरं धरेन.

आणि रजिस्टरही खरं धरेन! काउंटीच्या क्लर्कसमोर लग्नाचं लायसन्स काढताना बाई त्या दिवशी ज्या नावाने ओळखली जायची तेच लिहिलं जायचं. इंडियानात त्या काळात नोंदीत आईवडिलांचं नाव नसायचं, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अर्जांपासून यायला लागलं. त्यामुळे विधवा असेल तर तिथे पहिल्या नवऱ्याचं आडनाव येणार, माहेरचं नाहीच.

आता माझा प्रश्न: तुम्ही मूळ पानाचा फोटो बघितलाय का फक्त इंडेक्स? तो ‘एम’ मला खटकतोय. पान उघडा आणि झूम करून बघा त्या एमच्या पुढे वर काही बारीक लिहिलंय का.

धागाकर्ती

बघितलं आत्ताच!!! हात थरथरतायत माझे. एमच्या पुढे वरच्या बाजूला बारीक आर आणि एस आहे. मिसेस आहे ते. मधलं नाव नाहीच. इंडेक्स करणाऱ्याला ते दिसलं नाही आणि मी दोन महिने त्या एमचा अर्थ शोधत बसले, मार्था की मार्गारेट म्हणून.

म्हणजे ‘ब’ हा पहिला नवरा, आणि १८७० मधला ८ वर्षांचा मुलगा त्याचा? पण मग पहिलं लग्न १८६१ च्या आसपास सिनसिनाटीला झालं असणार, म्हणजे हॅमिल्टन काउंटी, आणि तिथलं त्या काळातलं काही सापडत नाहीये. शोधलं की रिकामं येतं.

प्रतिसाद २

रिकामंच येणार, कारण ते जळलंय. मार्च १८८४ मध्ये सिनसिनाटीला दंगल झाली, एका खुनाच्या खटल्याच्या निकालावरून लोक चिडले, तीन दिवस चाललं, पन्नासच्या वर माणसं मेली आणि कोर्टहाउस पेटवलं गेलं. लग्नाची रजिस्टरं त्यात गेली. काही लोकांनी नंतर आपापल्या लग्नाची नोंद पुन्हा करून घेतली, पण १८६१ चं लग्न, नवरा वारलेला, बायको दुसऱ्या राज्यात, ती कशाला जाईल पुन्हा नोंदवायला.

पण हताश होऊ नका. हॅमिल्टन काउंटीच्या वंशावळ सोसायटीने चर्चची रजिस्टरं आणि जुने पेपर चाळून लग्नांची पर्यायी यादी तयार केलीय, त्यात ‘ब’ वर आणि ‘अ’ वधू असं शोधा. स्पेलिंग सैल ठेवा, जर्मन आडनावं इंग्रजी कानाला जशी ऐकू येतील तशी लिहिलीत.

प्रतिसाद ३

मी न्यू जर्सीहून. दोन गोष्टी.

एक, १८६६ च्या लग्नाच्या रिटर्नवर, म्हणजे लग्न लावणारा जो भाग भरून क्लर्ककडे परत पाठवतो त्यावर, सही कुणाची आहे बघा. जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे लग्न लावणारा सरकारी न्यायाधिकारी असेल तर विषय संपला, पण पाद्री असेल तर चर्चच्या रजिस्टरमध्ये नक्की काहीतरी आहे. डिअरबॉर्नमध्ये न्यू अल्सास, सेंट लिऑन ही जर्मन कॅथलिक गावं आहेत, ती आता इंडियानापोलिसच्या आर्चडायसिसखाली (कॅथलिक चर्चचा मोठा विभाग) येतात, तिथे विचारता येईल. कॅथलिक नोंदी लॅटिनमध्ये असतात, ‘विदुआ’ शब्द दिसला तर विधवा, म्हणजे आपल्या ओळखीचाच शब्द. आणि जर्मनमधली असेल तर आडनावापुढे ‘गेबोरेन’ किंवा त्याचं आखूड रूप ‘गेब’ शोधा, अगदी आपलं ‘माहेरची’, त्याच्या पुढचा शब्द तुम्हाला हवा आहे.

दोन, साल बघा ना. मूल १८६२ चं, १८६६ ला बाई विधवा. मधे काय आहे? सिव्हिल वॉर, अमेरिकेतलं यादवी युद्ध! सिनसिनाटीत तर जर्मन लोकांची अख्खी पलटण उभी राहिली होती, नववी ओहायो, हुकूमसुद्धा जर्मनमध्ये द्यायचे असं वाचलंय. मिल स्प्रिंग्जला लढले, सप्टेंबर १८६३ मध्ये चिकामॉगाला लढले, खूप माणसं गेली. पेन्शनचा इंडेक्स बघा, फॅमिलीसर्चवर कार्डांचे फोटो आहेत. सैनिकाची विधवा पुन्हा लग्न करायची तेव्हा तिचं पेन्शन बंद व्हायचं, पण सोळा वर्षांखालच्या मुलाला ते मिळायचं, आणि मुलाच्या नावाने अर्ज पालक करायचा. आणि पेन्शन मिळवायला लग्न सिद्ध करावं लागायचं, त्यामुळे फायलीत चर्चच्या दाखल्याची नक्कल किंवा साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं सापडतात. कोर्टहाउस जळलं तरी ही फाइल वॉशिंग्टनला शाबूत आहे.

प्रतिसाद १

वा! आमच्या कुलवृत्तांताला त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीने असंच सोडवलं होतं. घरातले कागद वाळवीने खाल्ले पण उपाध्यांकडे खापरपणजोबांच्या हाताने लिहिलेली नोंद होती. एक जागा जळली की तीच माहिती दुसऱ्या कुणाला कधी द्यावी लागली होती का हा विचार करायचा.

धागाकर्ती

मंडळी, आठवड्याने लिहितेय, कारण खरंच रोज रात्री मुलं झोपली की तेच करत होते.

रिटर्नवर सही पाद्र्याची आहे. चर्चला ईमेल केलाय, उत्तर यायचंय.

चर्चची पर्यायी यादी बघितली, त्यात एक जोडी जवळपास जुळतेय पण वधूचं आडनाव अर्धवट वाचलेलं आहे म्हणून त्यावर उडी मारली नाही.

आणि आता मुख्य. पेन्शनचं कार्ड मिळालं. सैनिक ‘ब’, नववी ओहायो. त्याखाली विधवा म्हणून सासूबाईंच्या पणजीचं नाव. त्याच्या खालची ओळ ‘मायनर’, म्हणजे अज्ञान मूल, आणि पालक म्हणून जे नाव आहे त्याचं आडनाव ‘अ’!!! बहुतेक तिचा भाऊ किंवा वडील. मी तो फोटो किती वेळा उघडून बघितला असेल सांगता येत नाही. चरित्रही बरोबर होतं आणि रजिस्टरही बरोबर होतं, दोन महिने मी या दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करत होते.

नॅशनल आर्काइव्हजकडे (सरकारी जुन्या कागदपत्रांचं संग्रहालय) पूर्ण फाइलची ऑर्डर दिली आहे, फी भरली, यायला वेळ लागेल म्हणतात. तोपर्यंत ‘अ’ नक्की असं मी सासूबाईंना सांगितलं नाही, ‘बहुतेक’ असं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, आमच्या घरात सगळ्यांना आठच मुलं माहीत, मग त्या नवव्याचं काय झालं?

तर आता माझा प्रश्न बदललाय. १८८० ला तो १८ वर्षांचा असणार आणि आईच्या घरात नाही. तो ‘ब’ लावत असेल, की पालकांचं ‘अ’, की १८७० मध्ये लिहिलंय तसं सावत्र वडिलांचं? तिन्ही आडनावांनी डिअरबॉर्न आणि हॅमिल्टन दोन्ही काउंटींत शोधतेय. १८८० च्या सेन्ससपासून घरातल्या प्रत्येकाचं कर्त्याशी नातं लिहिलेलं असतं, त्यामुळे कुणा ‘अ’ च्या घरात ‘भाचा’ किंवा ‘नातू’ म्हणून सापडेल अशी आशा आहे. अजून कुठे बघू? त्याच्या लग्नाची नोंद कोणत्या काउंटीत आधी शोधावी, वराच्या की वधूच्या?

प्रतिसाद २

वधूच्या. लायसन्स बहुतेक वेळा मुलीकडच्या काउंटीतच काढायचे. पण सिनसिनाटीवाले नदी ओलांडून केंटकीत जाऊन लग्न करून यायचे हेही खूप आहे, त्यामुळे कॉव्हिंग्टन आणि न्यूपोर्ट, म्हणजे केंटन आणि कॅम्पबेल या दोन काउंटी यादीत घाला. आणि पालक नेमला होता म्हणजे प्रोबेट कोर्टात (वारसा आणि पालकत्वाची प्रकरणं बघणारं कोर्ट) त्याच्या पालकत्वाची फाइल उघडली असणार, तो सज्ञान झाल्यावर हिशोब देऊन ती बंद करताना त्याची स्वतःची सही घेतात. सिनसिनाटीत नेमला असेल तर १८८४ च्या आधीचं आहे म्हणून धाकधूक, पण डिअरबॉर्नमध्ये नेमला असेल तर लॉरेन्सबर्गच्या कोर्टहाउसला जाऊन विचाराच. तुम्ही कोलंबसला आहात, सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी. क्लर्कच्या ऑफिसला आधी फोन करून जुनी रजिस्टरं कोणत्या दिवशी बघू देतात ते विचारून घ्या.

धागाकर्ती

शुक्रवारी जातेय. सासूबाईपण येतो म्हणाल्यात.