लेखकाने वाचकाचा फोन उचलायचा की नाही?

हिरवी शाई
रविवारच्या पुरवणीत एका कथालेखिकेचा लेख आलाय. बँकेतली नोकरी सोडली, सकाळचे चार तास लिखाणाला दिले, आयुष्याची दोरी स्वतःच्या हातात घेतली. इथवर मनापासून अभिनंदन. पण पुढे म्हणतात, दिवाळी अंकात कथेखाली नंबर देणार नाही, अनोळखी फोन उचलणार नाही, ‘वाचकांना हाताळायला’ शिकले.

हा शब्द मला लागला. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. आता वाचनालयातून दिवाळी अंक आणतात, आवडलेल्या कथेच्या लेखकाचा नंबर कॅलेंडरच्या मागे उतरवून ठेवतात, काय बोलायचं ते दोन दिवस मनात जुळवतात. गेल्या वर्षी एकाला फोन लावला. ‘कामात आहे’ म्हणून त्याने ठेवून दिला. बाबांनी तो नंबर खोडला नाही, पण पुन्हा कुणालाच फोन लावला नाही. अशा माणसाला हाताळायचं असतं? नाशिकला तात्यासाहेब शिरवाडकरांच्या घरी लोकांची सतत ये-जा असे. त्यांचं लिहायचं राहिलं का?

पाटपाणी
मी कथा लिहिते, म्हणून बोलते. तात्यासाहेबांकडे जाणारा माणूस वेळ बघून जायचा, दारात चपला काढायचा. मोबाइलला दार नसतं. माझी कथा छापून आली त्या नोव्हेंबरात पहिला फोन सकाळी सहा दहाला आला. आईला डायलिसिसला न्यायचं होतं, काखेत तिची फाइल, रिक्षा खाली उभी. गृहस्थ विचारतात, ‘कथेतली बाई तुम्हीच ना? नवऱ्याने खरंच टाकलं का?’ रात्री अकराला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी माझ्या डीपीचं कौतुक. कथाकार जी.ए. कुलकर्णी धारवाडला कुणाला भेटत नसत, तर ते गूढ. बाईने फोन उचलला नाही की ती माजली.

हिरवी शाई
माजली असं मी लिहिलेलं नाही, माझ्या तोंडी शब्द घालू नका. आणि जी.ए. भेटत नसले तरी पत्रं किती लिहीत! खंडच्या खंड निघालेत.

तळटीप
लिहीत, पण स्वतःच्या सवडीने. बाईंचं तरी दुसरं काय म्हणणं आहे? आणि वाचक म्हणजे फक्त तुमचे बाबा नव्हेत. तुकारामांवरच्या कादंबरीवरून आनंद यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं, तरी विरोध थांबेना; २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद सोडावं लागलं. ते संमेलन अध्यक्षाविना झालं.

हिरवी शाई
झुंड वेगळी, वाचक वेगळा. बाबा मोर्चा घेऊन गेले नव्हते.

कोरा कागद
नोकरी सोडली म्हणे! जगणार कशावर? माझ्या नऊ कथा दिवाळी अंकांत आल्या, मानधन तिघांनी दिलं. सगळ्यात मोठा चेक पंधराशेचा. एका संपादकाने तर माझीच प्रत मला पाठवायला टपालखर्च मागितला.

अंकवाला
मी छोटा अंक काढतो. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, ती आमच्यासारख्यांनीच टिकवली आहे. छपाई, कागद, विक्रेत्याचं कमिशन हे सगळं आधी मोजावं लागतं. सराफ, बिल्डर यांच्या जाहिराती मोबाइलवर गेल्या. अंक स्टॉलवर लागून आठवडा होत नाही तोच पीडीएफ फिरायला लागते. २०२० साली एक जाहिरात नव्हती, तेव्हा स्वतःच्या पीएफमधून अंक काढला.

कोरा कागद
छापखान्याला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणता का? डीटीपीवाल्याला? मग ते लेखकालाच का ऐकवता?

अंकवाला
जीभ सांभाळा. चोर नाही मी. मानधन देणं झेपत नाही, म्हणून तर नंबर छापतो. निदान वाचकाची दाद लेखकाला थेट पोचावी.

पाटपाणी
म्हणजे सकाळी सहा दहाचा तो फोन हे माझं मानधन होतं? कथेसोबत पत्ता कळवताना मी नंबर दिला तो तुमच्यासारख्यांच्या कामासाठी. छापू का म्हणून कुणीही विचारलं नाही.

अंकवाला
सगळेच छापतात.

तळटीप
म्हणून ते बरोबर ठरत नाही.

हिरवी शाई
न विचारता छापतात हे मला माहीत नव्हतं. बाबांना वाटायचं, नंबर दिलाय म्हणजे बोलावलंय. मलाही तसंच वाटत होतं. बरं, फोनचं तुमचं म्हणणं मान्य. ‘हाताळणं’ मान्य नाही, कधीच होणार नाही. पण मग बाबांसारख्याने कथा आवडल्याचं सांगायचं कुठे? ईमेल त्यांना जमत नाही.

पाटपाणी
अंकाच्या पत्त्यावर पत्र लिहू दे. माझ्याकडे आलेल्या प्रत्येक पत्राला मी उत्तर दिलंय, कधी दोन महिन्यांनी, पण दिलंय. एका शिक्षिकेचं पत्र आईच्या औषधांच्या डब्यात आहे. दवाखान्यात वाट बघताना आई ते मला वाचून दाखवायला लावते.

अंकवाला
आणि ती पत्रं लेखकांना पाठवायचं टपाल कुणी भरायचं?

कोरा कागद
माझ्या सहा कथांचं आधी बोला.

हिरवी शाई
टपालाची काळजी नको. बाबा पत्रासोबत तिकीट लावलेलं कोरं पाकीट पाठवतील. त्यावर लेखकाचा पत्ता तेवढा तुम्ही घाला.