लुई पौल्सन ह्या डेन्मार्कच्या दिव्यांच्या कंपनीबद्दल कुणाला माहीत आहे का? (सांगलीत तसलाच दिवा करायला घेतलाय)

कुपवाड_स्पिनिंग
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं मेटल स्पिनिंगचं (फिरत्या साच्यावर पत्रा दाबून आकार द्यायचं) युनिट आहे, ॲल्युमिनियमच्या पत्र्याची झाकणं, डबे असला माल काढतो. मागच्या महिन्यात विश्रामबागच्या एका आर्किटेक्ट मॅडमनी फोटो पाठवला, जेवणाच्या टेबलावर लोंबणारा दिवा, एकावर एक ताटल्या उपड्या घातल्यासारखा. म्हणाल्या असा करून द्या, बंगल्याला पाहिजे. नाव सांगितलं पीएच ५, कंपनी लुई पौल्सन. मी म्हटलं पत्राच आहे की, त्यात काय एवढं. फोटोवरनं अंदाजानं डाय (साचा) केली, तुकडे ओढले, मस्त चकचकीत पावडर कोटिंग मारलं, बल्ब लावला आणि घरी टेबलावर टांगून बघितला तर समोर बसणाऱ्याच्या डोळ्यात थेट झगझगाट. बायको म्हणाली जेवायचंय का चौकशी चाललीय.

आता हट्टाला पेटलोय. ही कंपनी पहिल्यापासनं दिवेच करते का, किती जुनी आहे, आणि एका बल्बला एवढे थर कशाला? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

अदालतवाडा_सातारा
इंटिरियर डिझाईन शिकवतो त्यामुळं हा माझा आवडीचा विषय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

सुरुवात दिव्यानं नाही, दारूनं झाली. १८७४ साली कोपनहेगनात लुडविग पौल्सन नावाच्या माणसानं परदेशातनं थेट वाईन मागवून विकायचा धंदा काढला. तो चार-पाच वर्षांत गुंडाळला. मग १८९० नंतर शहरात विजेचं पॉवरहाऊस सुरू झालं तेव्हा ह्या गड्यानं पुन्हा दुकान मांडलं, ह्या वेळी हत्यारं आणि विजेचं सामान. म्हणजे कसं, आपल्याकडं एखाद्या हळदीच्या अडत्यानं पेढी बंद करावी आणि गावात लाईट आली म्हटल्यावर मोटारपंप-वायरीचं दुकान टाकावं, तसंच. कंपनीला नाव मिळालं ते पुतण्याचं. लुई हा पुतण्या काकाकडं कामाला लागला आणि १९०६ मध्ये काका वारल्यावर त्यानं दुकान चालवलं. १९०८ ला न्यूहाउन ११ ह्या पत्त्यावर गेले, बंदरालगतची रंगीत घरांची ती फोटोतली रांग तुम्ही कुठल्या ना कुठल्या कॅलेंडरवर बघितली असेल. १९११ ला सोफुस कास्ट्रप-ओल्सन नावाचा भागीदार आला आणि १९१७ ला त्यानं लुईचा हिस्सा १०,००० क्रोनरला घेऊन टाकला. मजा बघा, ज्याच्या नावानं आज जगभर दिवे विकले जातात तो पहिला भारी दिवा निघायच्या सात वर्षं आधीच धंद्यातनं बाहेर.

खरा माणूस पुढं आला १९२४ मध्ये, कंपनीचे दिवे आखणारा आर्किटेक्ट पौल हेनिंगसन. पीएच म्हणजे त्याचीच आद्याक्षरं. १९२५ च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांच्या दिव्याला सुवर्णपदक मिळालं आणि १९२६ ला कोपनहेगनच्या फोरम ह्या नव्या प्रदर्शन हॉलच्या दिव्यांचं काम त्यांनाच लागलं. दुकानदाराची कंपनी झाली ती तिथनं. हेनिंगसन १९६७ ला गेला, म्हणजे मरेपर्यंत चाळीसेक वर्षं ह्याच एका कंपनीबरोबर. मला विचाराल तर कंपनीनं केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच, चांगला माणूस सापडल्यावर सोडला नाही.

झिरोचा_बल्ब
दोन ट्यूबलाईट लावा, एक ह्या भिंतीला एक त्या भिंतीला. चपातीतला खडापण दिसतो.

कुपवाड_स्पिनिंग
@झिरोचा_बल्ब भावा तेच आमच्याकडं तीस वर्षं चाललंय 😄
@अदालतवाडा सर जबरदस्त. पण थर कशाला ते राहिलं.

वालचंदचा_मेकॅनिकल
ते मी सांगतो, तुमच्या डायचा घोळ पण त्यातच आहे.

हेनिंगसन १८९४ चा, लहानपण रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात गेलं. विजेचा बल्ब आला आणि त्याचं म्हणणं पडलं की उजेड वाढला पण डोळ्याला त्रास वाढला, माणसं उघड्या तारेकडं बघत बसलीत. म्हणून त्यानं ठरवलं की बल्ब कुठनंच दिसता कामा नये आणि उजेड मात्र वाया जाता कामा नये. नुसतं झाकण घातलं तर उजेड आत अडकतो. म्हणून तीन छत्र्या, वरची मोठी, मधली तिच्या साधारण निम्मी, खालची त्याच्या निम्मी. प्रत्येक छत्री बल्बचा थोडा उजेड घेते आणि खाली-बाजूला टाकते.

आता छत्रीचा बाक. तो हातानं छान दिसेल असा काढलेला नाही, तो लॉगरिदमिक स्पायरलचा तुकडा आहे, शंखाच्या वळणासारखा. ह्या वळणाचा गुण असा की मध्यबिंदूतनं निघालेली रेष त्याला कुठंही भेटू दे, कोन तेवढाच. त्यानं बल्ब बरोबर त्या मध्यबिंदूवर बसवला. म्हणजे छत्रीवर सगळीकडं किरण एकाच कोनात पडतो, कुठं भगभगीत डाग पडत नाही, कडेला जाईल तसा उजेड अलगद कमी होतो. तुम्ही फोटोवरनं बाक काढला आणि होल्डर जमेल तिथं बसवला, म्हणजे गणिताचा मध्यबिंदू एकीकडं आणि बल्ब दुसरीकडं. शिवाय एलईडी बल्बचा अख्खा पांढरा गोळा पेटतो, जुन्या बल्बसारखी बारकी तार नाही, त्यामुळं गोळ्याचा खालचा भाग छत्रीच्या बाहेर डोकावत असणार. होल्डर वर घ्या. आणि आतनं चकचकीत मारलंय तिथं तर डोक्यालाच हात लावला मी, आतनं मॅट पांढरा पाहिजे, चकचकीत म्हणजे आरसाच झाला की.

पीएच ५ मधला ५ म्हणजे सगळ्यात मोठी छत्री ५० सेंटिमीटरची. हा १९५८ चा. तोवर बल्ब कंपन्या सारख्या बल्बचा आकार बदलत होत्या आणि ह्याचं गणित दर वेळी बिघडत होतं, तेव्हा वैतागून त्यानं असा दिवा केला की आत कुठलाही बल्ब घाला, बाहेरनं दिसणार नाही. आत लाल आणि निळ्या रंगाचे बारके भाग आहेत तेपण शोभेला नाहीत. डोळ्याला पिवळा-हिरवा उजेड जास्त जाणवतो, लाल-निळा कमी, म्हणून त्या दोघांना जरा टेकू दिलाय.

तासगावच्या_ताई
हीच का ती कंपनी जी कागदाच्या घड्या घालून दिवे करते? आमच्या शाळेत दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या वर्गाला मी त्यांचेच फोटो दाखवते.

अदालतवाडा_सातारा
नाही ताई, ती ले क्लिंट, पण तीपण डेन्मार्कचीच, ओडेन्सची. १९४३ ची कंपनी, मात्र घड्यांचा नाद घरात १९०१ पासनंचा. क्लिंट नावाच्या आर्किटेक्टनं रॉकेलचा दिवा केला आणि त्याला छत्री पाहिजे म्हणून कागदाला घड्या घातल्या. अजून हातानंच घालतात. आकाशकंदिलाला उदाहरण एकदम चपखल आहे तुमचं.

मिरज_ते_कोपनहेगन
उशिरा बघितलं. मी इथं सहा वर्षं आहे. डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य गुल, मग माणूस दिव्यावर जीव टाकणार नाही तर कशावर. संध्याकाळी रस्त्यानं चाला, खिडक्यांना पडदे नसतातच, दर दुसऱ्या घरात टेबलावर पीएच लटकलेला. पण कुपवाडकर, एक सांगतो, हे लोक दिवा फार खाली टांगतात, टेबलापासनं दोन फूटभर. आपण छताला चिकटवतो आणि मग खालनं बल्ब दिसतो म्हणून बोंब मारतो. मिरजेहून आई आली होती तिचं पहिल्याच दिवशी डोकं आपटलं, ती अजून त्याला "तुझी ती परात" म्हणते.

लांगेलिनी पॅव्हेलियन म्हणून समुद्राकाठचं हॉटेल आहे, त्यासाठी हेनिंगसननंच १९५८ मध्येच आर्टिचोक (एकावर एक पानांची एक भाजी असते, तिच्यासारखा) दिवा केला. तांब्याची ७२ पानं, सहा-सहाच्या बारा ओळी, कुठनंही वाकून बघा बल्ब दिसत नाही, मी खुर्चीवरनं पार वाकून बघितलं, वेटर हसला. आणि दुसऱ्या महायुद्धात ब्लॅकआउट होता तेव्हा कोपनहेगनच्या तिवोली बागेसाठी त्यानं असे दिवे केले की विमानातनं उजेड दिसू नये, म्हणून बाग मध्यरात्रीपर्यंत उघडी राहायची. पुढं १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या डेन्मार्कमधनं त्यालाच स्वीडनला पळून जावं लागलं.

वालचंदचा_मेकॅनिकल
आणि कुपवाडकर, हुबेहूब कॉपी काढून त्यांच्या नावानं विकू नका हां, मॅडम कितीपण म्हणू देत. स्पायरल कुणाच्या बापाचा नाही, त्यावर स्वतःचा आकार काढा की.

कुपवाड_स्पिनिंग
सगळ्यांचे आभार. मॅडमना सांगितलं तोच पाहिजे तर डेन्मार्कवरनं मागवा, माझ्याकडनं पाहिजे तर माझा घ्या. दोन दिवस विचार करते म्हणाल्या. तोवर मी होल्डर सव्वा इंच वर घेतला, आतनं मॅट मारलं, टेबलापासनं दोन फुटांवर टांगला. डोळ्यातला उजेड गेला, खरंच गेला, बायको पहिल्यांदा काही बोलली नाही.

पण आता बल्ब बदलायला हात आत जात नाही. ह्यावर कुणाकडं काही आहे का?