प्रत्येक केमोला नवीन अप्रूव्हल कशाला? (मिरज)

तासगावकर:
आईची केमो मिरजेत चालूय, दर 21 दिवसांनी. हॉस्पिटल तेच, डॉक्टर तेच, औषध तेच, तरी कॅशलेसचा प्रीऑथ, म्हणजे उपचाराआधी विमा कंपनीकडनं घ्यायची मंजुरी, दर वेळी नव्यानं. परवा चौथ्या सायकलला सकाळी 8 ला कागद दिले तर 11 ला क्वेरी, बायोप्सी रिपोर्ट द्या, जो पहिल्याच वेळी दिलाय. परत दिला तर 2 ला दुसरी क्वेरी, बीपीचे जुने कागद आणा. आई हाताला सुई लावून बाकावर बसलेली, डबा तसाच. 5 ला अप्रूव्हल आलं तवर डे केअर बंद होत आलेलं, म्हणले उद्या या. 1 तासाचा नियम आहे ना?

डेस्कवाला, सांगली:
नियम आहे दादा. आयआरडीएआयचं, म्हणजे विमा नियामकाचं, 29 मे 2024 चं सर्क्युलर, कॅशलेसचा निर्णय 1 तासात आणि डिस्चार्जचा 3 तासात, 3 च्या पुढं गेलं तर हॉस्पिटलचा जादा खर्च कंपनीनं सोसायचा. पण मी टीपीए (कंपनीच्या वतीनं क्लेम बघणारी एजन्सी) डेस्कवरच काम करतो, क्वेरी पडली की तास परत पहिल्यापासून मोजतात, सगळी गोची तिथंच आहे. सगळ्या क्वेरी एकदमच टाकायच्या आणि पूर्ण कोर्सला एकच अप्रूव्हल, एवढं सक्तीचं केलं तरी पेशंटचे निम्मे हाल वाचतील. तोवर डॉक्टरांकडनं किती सायकल, कुठलं औषध, किती डोस असं सहीशिक्क्याचं पत्र घ्या आणि प्रीऑथ दोन दिवस आधीच पाठवायला लावा.

विटेकर:
तपासणी पायजेच, फुगवलेली बिलं मी स्वतः बघितलीत. पण ती पहिल्या सायकलला करा की, चौथ्याला बायोप्सी कशाला मागायची?

कराडची लेक:
आमच्या पप्पांची केमोची गोळी "घरी घेताय" म्हणून नाकारलेली. ओरल केमो, इम्युनोथेरपी धरून 12 आधुनिक उपचार पॉलिसीतनं वगळता येत नाहीत हे 2019 पासून आहे, फक्त सब-लिमिट, म्हणजे त्या उपचाराला किती रक्कम मिळेल याची मर्यादा असते, ते बघून ठेवा. नकार आला तर लेखीच मागा, कुठल्या क्लॉजखाली ते पण. कंपनीच्या रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही आता. आधी कंपनीकडं लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुण्याला विमा लोकपाल. फी नाही, वकील नाही. फोनवर बोलून काही होत नाही ओ, मेलच करा.

तासगावकर:
पत्राचं कुणीच सांगितलं नव्हतं. सोमवारी ओपीडीत घेतो. दोन्ही क्वेरींच्या मेलवर वेळ आहे, ते जोडून कंपनीला तक्रार पण टाकतो.