मदत हवी आहे: झाडांच्या सालीचं मल्चिंग (मातीवर आच्छादन), उधई (वाळवी) लागेल का?
मंडळी, मी जळगावचा. मे मध्ये इथं पारा ४५ च्या पुढं जातो अन काळी माती भेगाळते, म्हणून लिंबू, मोगरा अन कढीपत्त्याच्या आळ्यात सालीचे तुकडे पसरायचा विचार आहे, वखारीत बाभूळ-निंबाची साल स्वस्तात मिळतेय. खोडापासून चार बोटं लांब, २-३ इंच थर द्यायचा एवढं माहितीये, मातीत मिसळली की मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढते म्हणून वरच ठेवणार. पण खरी भीती उधईची! निंबाच्या सालीला ती कमी लागते का? पावसाळ्यात आधीच चिकट असलेल्या जमिनीत थर ठेवायचा का काढायचा? का सरळ केळीची वाळलेली पानंच टाकू, ती तर इथं फुकट भेटतात. कोणी वापरलं असेल तर सांगा भाऊ.