कुबर्नेटिससाठी यूआय: के९एस, लेन्स की हेडलॅम्प?

यॅमलवाला: कुबर्नेटिस, म्हणजे अनेक सर्व्हरवर ॲप्स चालवणारी प्रणाली, हाताळायला टीमसाठी एकच यूआय (वापरायची स्क्रीन) ठरवायचा आहे. अधिकृत कुबर्नेटिस डॅशबोर्डची रिपॉझिटरी आर्काइव्ह झाली, म्हणजे त्यावरचं काम थांबलं, आता हेडलॅम्प हा वेब-यूआय वापरा असं सांगतात. माझं मत के९एसला. टर्मिनलमध्ये चालतं, आपलाच क्यूबकॉन्फिग (क्लस्टरला जोडणारी फाइल) घेतं, क्लस्टरमध्ये (कुबर्नेटिसच्या सर्व्हरगटात) काही बसवावं लागत नाही. वेब-यूआय म्हणजे आणखी एक दार. २०१८ मध्ये टेस्लाचा कुबर्नेटिस कन्सोल पासवर्डविना इंटरनेटवर उघडा सापडला होता आणि आत कुणीतरी क्रिप्टो मायनिंग चालवत होतं.

रात्रपाळी: अजिबात पटलं नाही. तिथे लॉगिनच नव्हतं, त्याचं खापर यूआयवर कशाला? टेस्टिंगवाल्यांना पॉड (ॲपचा चालू असलेला एक नग) का पडला एवढंच बघायचं असतं. ‘ओओएमकिल्ड’ दिसलं की मेमरी कमी पडली हे त्यांचं त्यांना कळतं. त्यासाठी सगळ्यांना क्यूबकॉन्फिग वाटणार? त्यात क्लायंट सर्टिफिकेट (ओळख पटवणारी डिजिटल फाइल) असेल तर माणूस नोकरी सोडून गेला तरी ते मुदत संपेपर्यंत चालतं, कुबर्नेटिसमध्ये ते रद्द करायची सोयच नाही. हेडलॅम्प ओआयडीसी या लॉगिनच्या प्रमाणित पद्धतीने कंपनीच्या लॉगिनला जोडता येतो.

जुनालेन्सवाला: मालकी कुणाची तेही बघा हो. लेन्स हे एका कंपनीचं डेस्कटॉप ॲप; २०२२ मध्ये लेन्स ६ आलं आणि वर्षाला एक कोटी डॉलरच्या वर उत्पन्न असलेल्या कंपन्यांना वर्गणी लागू झाली. आम्ही ओपनलेन्सवर, म्हणजे त्याच्या मुक्त-स्रोत आवृत्तीवर गेलो, तर पुढे त्यातून पॉडचे लॉग (नोंदी) आणि शेल (आत कमांड द्यायची सोय) काढून टाकले. रोज लागणाऱ्या नेमक्या याच दोन गोष्टी! हेडलॅम्प कुबर्नेटिस प्रकल्पाच्याच छत्राखाली आहे, माझ्या लेखी हा मुद्दा सर्वात वजनदार.

यॅमलवाला: सर्टिफिकेटचं मान्य, पण ओआयडीसी के९एसलाही चालतं. मला खरी धास्ती ‘एडिट’ बटणाची आहे. रात्री कुणी रेप्लिका (पॉडच्या प्रती) वाढवतो, गिटमध्ये, म्हणजे जिथे आपली सेटिंग्ज ठेवतो तिथे, जुनाच आकडा राहतो, पुढच्या डिप्लॉयला बदल पुसला जातो आणि साइट पुन्हा हळू.

रात्रपाळी: एडिट तर के९एसमध्येही ‘ई’ दाबलं की होतं. ‘रीडओन्ली’ पर्याय आहे, पण तो लावायचा की नाही हे वापरणाऱ्याच्या हातात. अडवायचं तर आरबॅकमध्ये, म्हणजे कुबर्नेटिसच्या परवानग्यांच्या नियमांत अडवा. प्रॉडक्शन नेमस्पेसवर (क्लस्टरमधल्या खऱ्या साइटच्या विभागावर) सगळ्यांना ‘व्ह्यू’ रोल द्या: लॉग दिसतात, सीक्रेट (साठवलेले पासवर्ड वगैरे) दिसत नाहीत, बदल करता येत नाही. मग तुम्ही खुशाल के९एस वापरा. टेस्टिंगवाल्यांवर मात्र ते लादू नका.

यॅमलवाला: व्ह्यू रोल उद्याच लावतो. एकच टूल हवं हा हट्ट मात्र सोडवत नाही. अडचणीच्या वेळी सगळ्यांसमोर एकच स्क्रीन असली पाहिजे.