ताप नाही, तरी पित्ताशयाची सूज?

प्रश्न: घाटकोपरला कॅज्युल्टीत इंटर्न आहे. आत्ताच मधुमेही आजी आल्यात. उजव्या बरगडीखाली दुखतंय, उलट्या. ताप नाही, पांढऱ्या पेशी नॉर्मल. मुलगा म्हणतो, "लग्नात जेवली, पित्त झालंय." पित्ताशयाच्या सुजेची शंका सोडून देऊ?

उत्तर: अजिबात नको! म्हातारपण आणि साखर एकत्र आली की ताप, पेशी, मर्फी साइन (उजव्या बरगडीखाली दाबून श्वास घ्यायला लावला की दुखून श्वास अडकणं), सगळेच दगा देतात. आधी ईसीजी काढ, हार्ट अटॅक नाही ना ते बघ. मग सोनोग्राफी: पित्ताशयाच्या मानेत (निमुळत्या तोंडाशी) अडकलेला खडा, ३ मिमीहून जाड भिंत, भोवती पाणी, प्रोब दाबल्यावर नेमकं तिथेच दुखणं. नुसती भिंत जाड म्हणून उड्या मारू नकोस, हार्ट फेल्युअरमध्येही ती जाडावते.

उत्तर: पेनकिलर दिलं असेल तर सोनोग्राफीवाल्यांना सांग. प्रोबची खूण फसते.

प्रश्नकर्ता: ईसीजी ठीक. भिंत ६ मिमी, मानेत खडा. सर्जरीला फोन केलाय.